खाट उचलायला माणसं

३ जून

सौ. वहिनींस,
नमस्कार.

काल खाट उचलायला चार माणसं मिळाली नाहीत, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुमच्या लेकीचं घर लहान. फोनवरचं बोलणं दादाच्या कानावर जाणार, आणि हे त्याला कळता कामा नये. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याला कसलाही मनस्ताप नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा पत्र एकटीनं वाचा आणि फाडून टाका.

झालं ते असं. आमच्या नळदुरुस्तीवाल्याच्या आईला दवाखान्यातून घरी सोडलं. मांडीचं हाड मोडलेलं. डोक्याकडून वर होणारी खाट हवी होती, ती आपल्याकडे तयार होती. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मी सकाळपासून सभासदांना फोन करत होते. एकाची पाठ धरली होती, एकाकडे पाहुणे होते, टेम्पोवाल्यानं तर फोनच उचलला नाही. शेवटी मी, तो नळवाला, त्याची बायको आणि खालच्या दुकानात साबण घ्यायला आलेला एक अनोळखी गृहस्थ, असे चौघं लागलो. पहिल्या वळणावर खाट अडकली तेव्हा तो साबणवाला मला म्हणाला, "बाई, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही उचलत नाही आहात, नुसतं सांगताय." खाट चढली. पण आजारी माणसांच्या घरी खाटा, व्हीलचेअर, वॉकर पोचवणारं आपलं मंडळ, आणि त्या जिन्यावर मंडळाचं माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

डिसेंबरात तुम्ही दादाला घेऊन लेकीकडे गेलात आणि चिटणीसपद माझ्याकडे आलं. दादानं मला दुसरं काही सांगितलं नव्हतं. त्याला बोलताच येत नव्हतं. माझ्या हातावर हात ठेवला, एवढंच. मी म्हटलं, मंडळ बंद पडू देणार नाही.

आता ते पडायच्या बेतात आहे. आपल्या सामानाची खोली वाचनालयाची, हे तुम्हाला माहीत आहेच. जुलैअखेरीस किमान पंधरा सभासदांनी पुढच्या वर्षासाठी नावं दिली तरच खोली, नाहीतर सामान हलवा, असं त्यांनी लेखी कळवलंय. आजपर्यंत नावं आली तीन. एक मी, एक आपले निवृत्त कंपाउंडर, आणि तिसऱ्याची बदली झालीय. खोली गेली तर तिथलं सगळं भंगारात जाईल. माझ्या दोन खोल्यांत सात खाटा मावत नाहीत.

माझ्याकडून कसूर नाही. दोन परिपत्रकं पाठवली. खोली धुऊन काढली, फळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मंडळाचं सामान गावभर लोकांच्या घरी लोळत होतं. वेल्डरच्या दाराआड व्हीलचेअरचं चाक, टेलरबाईंकडे टेकायच्या उशीची खोळ, टेम्पोवाल्याच्या माळ्यावर खाटेचे पाय. जानेवारीत मी स्वतः फिरून एकूण एक वस्तू गोळा केली, प्रत्येकाला पोच दिली, आभार मानले. आता खोलीत पाऊल टाकलं की सगळं जागच्या जागी. लोकांना आणखी काय हवंय?

दादाच्या वेळी दर वर्षी तीस-तीस जण नावं द्यायचे. तो नेमकं काय करायचा, ते कळवा. मुद्द्याचं लिहा.

तुमची,
वन्सं


११ जून

वन्संना,
सप्रेम नमस्कार.

पत्र एकटीनंच वाचलं. फाडलं मात्र नाही. इतकं रेखीव अक्षर फाडायला हात धजत नाही.

यांची तब्येत सुधारतेय. डाव्या हातानं चमचा धरतात. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिला हे भुवयांनी रागावतात आणि ती उलट यांना रागावते. दोघांचं छान जमलंय.

मुद्द्याचं लिहा म्हणता, पण मला मुद्दाच सापडत नाही. हे काय करायचे? काही नाही करायचे. जेवण झालं की चपला सरकवायच्या, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणायचं आणि पाच घरी चहा पिऊन यायचं. घरचा चहा कायम उरायचा, तो मी प्यायचे. माझी झोप उडाली ती तुमच्या भावाच्या समाजसेवेनं. परिपत्रक वगैरे काही काढल्याचं मला आठवत नाही. लिहायचा कंटाळाच होता मेला.

माझं ऐकाल तर कागद पाठवू नका, स्वतः जा. आणि वन्सं, रागावू नका, पण गेल्या गेल्या विषय काढू नका. आधी बसा. पाणी दिलं तर प्या. तुम्ही दारातूनच "सही करा" म्हणता, मग समोरच्याला वाटतं कोर्टाचा बेलिफ आला.

टेलरबाईंच्या उशीचं काय झालं हो? सहा वर्षं "होतेय, होतेय" चाललं होतं. झाली का एकदाची?

तुमची,
वहिनी


२४ जून

सौ. वहिनींस,
नमस्कार.

तुमचं ऐकून घरोघरी गेले. बसले. पाणी प्यायले. उपयोग शून्य.

वेल्डर शेडमध्येच भेटला. तोंडावरची काच वर न करताच बोलला.
"काय बाई, आता काय राहिलंय न्यायचं?"
मी म्हटलं, न्यायला नाही आले, पुढच्या वर्षासाठी तुमचं नाव हवंय.
"नाव कशाला? आमचं काम संपलं की. तुम्हीच येऊन घेऊन गेलात."
म्हटलं, वस्तू नेली, तुम्हाला कुठं नेलं?
"तेच म्हणतोय मी," असं म्हणून त्यानं ठिणग्या उडवायला सुरुवात केली. माझ्या साडीला भोक पडलं.

टेम्पोवाल्याच्या बायकोनं चहा दिला, चांगला होता. तिचं म्हणणं, "माळा रिकामा झाला ते बरंच झालं. वर्षानुवर्षं मी ओरडत होते त्या लोखंडाच्या नावानं. पण आता हे रविवारी घरीच बसतात आणि माझ्या स्वयंपाकात खोड्या काढतात." टेम्पोवाला मागं उभा होता. नाव द्या म्हटलं, तर "बघू" म्हणाला. वहिनी, "बघू" म्हणजे "नाही", एवढं मलाही कळतं.

टेलरबाईंनी तर बसायलाही सांगितलं नाही. "ती उशी कोणाकडून शिवून घेतलीत?" मी सांगितलं, बाजारातल्या दुकानातून, दोन दिवसांत मिळाली. तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचंही हेच उत्तर. सहा वर्षांत झालं नाही ते दोन दिवसांत झालं. ते ऐकून बाईंनी कात्री खाली ठेवली. "दोन दिवसांत?" "हो." "मग त्या दुकानालाच करा सभासद." आणि मशीनचं चाक फिरवायला लागल्या.

शाळेत गणित शिकवणारे सर तेवढे सभ्यपणे बोलले. म्हणाले, "मला वाटलं, नव्या व्यवस्थेत तुम्हाला आमची गरज नाही." मी विचारलं, असं मी कधी म्हटलं? "म्हटलं नाहीत. पोच दिलीत." आता पोच देणं हा गुन्हा झाला!

माझं मत असं झालंय की माणसं आतून कोरडी झाली आहेत. दादाकडे पाहून यायची, तो गेला तशी पांगली. कंपाउंडर म्हणतात, अजून थांबा. मी थांबत नाही. विसर्जनाच्या ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय. व्हीलचेअर, वॉकर एखाद्या दवाखान्याला देऊ, खाटांचं जे होईल ते होईल. दादाला मी योग्य वेळी स्वतः येऊन सांगेन. तोवर त्याच्याजवळ अवाक्षर काढायचं नाही.

तुमची,
वन्सं


१ जुलै

वन्सं,

नमस्कार-चमत्कार राहू देत. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमची दोन्ही पत्रं मी यांना वाचून दाखवलीत. पहिलं पत्र आलं त्या दिवशी यांनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि माझ्याकडे असं बघत राहिले की मला राहवलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसापासून मी साखरेचा डबा सोडून काही लपवू शकले नाही.

पहिल्या पत्रात तुम्ही सामान गोळा केल्याचं वाचलं तेव्हा हे हसले. असे हसले की ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. मला वाटलं, तुमच्या त्या साबणवाल्याला हसले. कालच्या पत्राला मात्र हसले नाहीत. टेलरबाईंचं वाचलं आणि यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वन्सं, अहो, तुम्ही काय करून बसलात!

ते सामान लोळत नव्हतं. यांनी ठेवलं होतं ते. प्रत्येकाच्या घरी काही ना काही, आणि मुद्दाम अर्धवट. वेल्डरनं चाक सरळ केलं की हे दुसरं वाकडं नेऊन द्यायचे. टेलरबाईंची खोळ होत आली की म्हणायचे, "हे कापड टोचेल हो पेशंटला, मी दुसरं आणतो." आणि कापड आणायला आठ महिने लावायचे. मी एकदा यांना झाडलंही, की ही बाई काय तुमची बांधील आहे? तर म्हणाले, "घरात मंडळाची एक वस्तू असली की माणूस मंडळात असतो. बायको तिला ठेचकाळते, मुलं विचारतात हे काय आहे. रोज आठवण. वस्तू परत आली की माणूस गेला."

आणि नावं कशी मिळायची, तेही ऐका. हे दर वर्षी जाऊन फक्त विचारायचे, "झालं का?" समोरचा ओशाळायचा, "नाही हो, राहिलंच." "असू दे, सावकाश." मग तो माणूस आपणहून नाव द्यायचा, वर रविवारी खाटा उचलायला यायचा. ही यांची पद्धत. मला पटली नव्हती, म्हणून मी ती पद्धत म्हणून लक्षातच ठेवली नाही.

तुम्ही दारात जाऊन वस्तू उचललीत, हातात पोच दिलीत आणि आभार मानलेत. वन्सं, आभार तर माणूस निरोप देताना मानतो. त्या सगळ्यांना वाटलं, आपल्याला काढलं. कोरडी बिरडी काही झाली नाहीत ती. रुसली आहेत. रुसलेलं माणूस अजून आपलंच असतं.

तो ठराव फाडा. तुमची पत्रं फाडायला सांगता ना, त्याच्याऐवजी.

वहिनी


५ जुलै

सौ. वहिनींस,

माझ्या हातून चूक झाली. आभार मानायला नको होते. हा मुद्दा संपला.

पण दादाची पद्धत मी चालवणार नाही. उशी सहा वर्षं होत नव्हती, त्या सहा वर्षांत किती जण टेकायला काही नाही म्हणून आडवेच पडून राहिले असतील? चाक दाराआड होतं तेवढे दिवस ती व्हीलचेअर कोणाच्या उपयोगाची होती? माणसं धरून ठेवायला वस्तू मोडकी ठेवायची, ही लबाडी आहे. प्रेमानं केलेली असली तरी लबाडीच. त्याला हेही वाचून दाखवा. नाहीतरी दाखवणारच आहात.

ठराव फाडलेला नाही. खणात ठेवलाय.

वन्सं


१० जुलै

वन्संना,
सप्रेम नमस्कार.

वाचून दाखवलं. "लबाडी" हा शब्द आला तेव्हा यांनी मान हलवली, होकारार्थी. नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग मला खुणेनं तेवढाच भाग परत वाचायला लावला.

तुमचं खरं आहे. मलाही तेच खुपायचं, फक्त मला तुमच्यासारखं मुद्देसूद सांगता आलं नाही. तर मग यांच्या पद्धतीनं नको, तुमच्या पद्धतीनं करा. पण करा. खणात ठेवून काय होणार? जुलैअखेर काही लांब नाही.

वहिनी


१९ जुलै

सौ. वहिनींस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण इथं बरंच घडलं. क्रमानं सांगते.

गेल्या मंगळवारी मी दाढ काढून घ्यायला गेले होते. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स दवाखान्यात, मी खुर्चीत तोंड उघडून. तेवढ्यात टेलरबाईंच्या शेजारचे आजोबा न्हाणीघरात घसरले. हाड वाचलं, पण पाय टेकवेना. त्यांची सून मंडळाच्या खोलीपर्यंत धावत गेली, कुलूप पाहून परत आली.

निरोप मिळाल्यावर मी सुजलेला गाल घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी पोचले, तर आजोबा वॉकर धरून पडवीत फेऱ्या मारत होते. वॉकर आपल्या मंडळाचा. खूण ओळखली मी. मी विचारलं, हा कुठून आला? सून टेलरबाईंकडे बघायला लागली. टेलरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"माझ्याकडे होता. पलंगाखाली."
"जानेवारीत मी सगळं नेलं होतं."
"हा नव्हता नेलात. तुम्ही येताय हे वेल्डरनं कळवलं होतं, मी आत सरकवला आणि वर गोधडी टाकली. लपवला म्हणा हवं तर. काय करायचं ते करा."

गालामुळे मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. कारण नेहमीसारखं बोलले असते तर पुढचं सुचलं नसतं. मी वॉकर हलवून पाहिला. रबरी बुचं नवी होती. मुठींना मऊ कापड शिवलेलं, टाके इतके बारीक की हाताला लागू नयेत. मी विचारलं, हे कोणी केलं? त्या म्हणाल्या, "वस्तू माझ्या घरात आहे. माझ्या घरातली वस्तू मोडकी कशी ठेवीन?"

वहिनी, ही बाई सहा वर्षं खोळ अर्धवट ठेवत होती ती दादाचं मन राखायला. तिला माहीत होतं! मी विचारलं तेव्हा हसल्या. "कापड टोचेल म्हणायचे. मी काय कालची शिंपीण आहे? पण ते यायचे, बसायचे. येऊ देत म्हटलं."

घरी येऊन मी विचार केला. खोली हवी कशाला? एका कुलपामागं सगळं, आणि किल्ली एका बाईच्या पर्समध्ये. त्यापेक्षा ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे एकेक वस्तू द्यायची. पण अर्धवट नाही. धडधाकट, चालू. ती नीट ठेवायची जबाबदारी त्याची. आळीत कोणाला लागली तर त्यानंच द्यायची, त्यानंच परत आणायची. वस्तू ज्याच्या घरी, तो सभासद. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी आपापली वस्तू घेऊन वाचनालयात यायचं, चारचौघांत तपासून ती दुसऱ्याच्या हवाली करायची आणि तिसऱ्याची आपण घ्यायची. मोडकी वस्तू कोणी चारचौघांत आणणार नाही. तेच नूतनीकरण. परिपत्रक नको, फॉर्म नको.

दादाचं जे खरं होतं ते राहतं, जे लबाडीचं होतं ते जातं.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे गेले. या वेळी आभार मानले नाहीत आणि माफीही मागितली नाही. म्हटलं, "तुमच्या शेडमध्ये दोन खाटांपुरती जागा आहे का?" त्यानं काच वर केली.
"कायमच्या?"
"वर्षभर. नंतर दुसऱ्या कोणाच्या तरी तुमच्याकडे येतील."
"जिना चढवायला माणसं लागतील."
"ती तुम्ही बघायची. खाटा तुमच्या."
त्यानं हातमोजे काढले. मग म्हणाला, "त्या हिरव्या खाटेचा खटका सैल आहे. तुमच्या त्या खोलीत बसून आपोआप घट्ट होणार नव्हता."
हे त्याचं "हो" होतं. मी समजले.

आठवड्यात नऊ घरं झाली. येत्या सत्तावीसला सगळ्यांना खोलीवर बोलावलंय. पंधरा होतील की नाही, सांगता येत नाही. टेम्पोवाला अजून "बघू" म्हणतोय. ठराव अजून खणातच आहे.

वन्सं


२३ जुलै

वन्संना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. "वस्तू ज्याच्या घरी, तो सभासद" इथं आले तेव्हा यांनी डावा हात वर केला. मला वाटलं, पाणी हवं. पाणी दिलं, तर घेईनात, हात तसाच वर. मग कळलं. सभेत ठरावाला मत देताना करायचे ना, तसा. लेकीनं विचारलं, "बाबा, विरोधात कोण?" तर भुवया चढवून खोलीभर बघून घेतलं. एकमतानं मंजूर झालाय, वन्सं. टेलरबाई त्यांचं मन राखत होत्या हे ऐकून मात्र चेहरा पडला होता. थोड्या वेळानं त्यालाही हसले.

आता माझं एक ऐका. लिहू की नको असं चार दिवस चाललंय.

यांनी मंडळ काढलं तेव्हापासून परत आलेल्या गाद्या मी धुतल्या, उन्हात टाकल्या. कमोडच्या खुर्च्या मी घासल्या. अपरात्री दार वाजलं की यांच्या आधी मी उठायचे. माणूस गेल्यावर खाट परत करायला येतात ना लोक, त्यांना दारातून परत पाठवायचं नाही, आत बसवायचं, हे मी ठरवलं होतं, यांनी नाही. गावातल्या निम्म्या लोकांना यांनी सभासद केलं. मला कधी कोणी विचारलं नाही. यांनीही नाही. घरातलीच आहे, तिला काय विचारायचं, असं झालं असेल. मीही कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

तुमच्या नव्या नियमात परगावची माणसं बसतात का? आमच्या या इमारतीत म्हातारी माणसं भरपूर आहेत आणि लिफ्टशेजारी एक कोनाडा रिकामा पडलाय. नियमात बसत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. वाईट वाटून घेणार नाही. थोडंसं घेईन.

तुमची,
वहिनी


२८ जुलै

सौ. वहिनींस,
नमस्कार.

काल सगळे जमले. खोलीत मावेनात म्हणून ग्रंथपालांनी वाचनकक्ष उघडून दिला आणि "शांतता राखा" या पाटीखाली असा गोंधळ झाला की विचारू नका. व्हीलचेअरसाठी दोघांत ओढाताण. कमोडच्या खुर्चीला मात्र कोणी हात लावेना. सगळे भिंतीवरच्या पाट्या वाचायला लागले. शेवटी गणिताचे सर म्हणाले, "आणा इकडे. पस्तीस वर्षं पेपर तपासलेत मी, याहून वाईट पाहिलंय." त्यानंतर वातावरण निवळलं. कंपाउंडरांनी प्रत्येक वस्तू घेणाऱ्याला ती उघडायला, मिटायला लावली, आणि ज्याला जमली नाही त्याला परत रांगेत उभं केलं. मला हा माणूस आवडायला लागलाय. या वाक्याचा भलता अर्थ काढू नये.

टेम्पोवाला सगळ्यात शेवटी आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझा माळा रिकामा आहे." मागून त्याची बायको म्हणाली, "माळ्यावर नको, खाली ठेवा. मलाही देता यायला हवी." मी दोघांची नावं लिहिली, वेगवेगळी.

मोजणी ग्रंथपालांनी केली. एकोणीस. त्यांनी खोली चालू ठेवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, खोली नको, वर्षातून एक दिवस वाचनकक्ष द्या. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ठराव फाडला. दादाला सांगा.

तुमच्या पत्राबद्दल. नियमात परगावची माणसं बसतात की नाही, हा प्रश्न मी काल सभेपुढे ठेवला आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. परवानगी घेतली नाही, कारण पत्रं वाचून दाखवण्याचा पायंडा तुम्हीच पाडलाय. मग टेलरबाई म्हणाल्या, "त्या सभासद नव्हत्या? मला वाटायचं मंडळच त्यांचं आहे." ठराव झाला. विरोधात कोणी नाही.

काय कोणाच्या हवाली केलं त्याची नोंद मी तिथंच केली. तुम्हाला माहिती असावी म्हणून खाली उतरवते. सगळ्या वस्तू चालू स्थितीत, घेणाऱ्यानं स्वतः तपासून घेतलेल्या.

वेल्डर: दोन खाटा, हिरवी आणि पांढरी. हिरवीचा खटका त्यांनी तिथंच घट्ट केला.
टेलरबाई: वॉकर दोन, टेकायची उशी एक. बाजारातली खोळ उसवून नवी घालणार आहेत. मुदत: पंधरवडा. मी विचारायला जाणार.
टेम्पोवाला: खाटा तीन, तळमजल्यावर.
टेम्पोवाल्याची पत्नी: हवेची गादी आणि तिचा पंप.
कंपाउंडर: सलाइनचे स्टँड, बेडपॅन, थर्मामीटर.
गणिताचे सर: कमोडची खुर्ची.
नळदुरुस्तीवाला (नवा सभासद): व्हीलचेअर एक, शिवाय आईची खाट, आई बरी होईपर्यंत तिथंच.
साबण घ्यायला आलेले ते गृहस्थ (नवे सभासद, नळवाल्यानं शोधून आणले): कुबड्यांचे दोन जोड. मला म्हणाले, "आता तुम्ही खुशाल सांगा, मी उचलतो."
चिटणीस, म्हणजे मी: खाट एक. माझ्या बाहेरच्या खोलीत मावली.
उरलेल्या दहा जणांकडे प्रत्येकी एक वस्तू.
ग्रंथपाल: खोलीची किल्ली. खोली झाडून, रिकामी.
वहिनी, सभासद क्रमांक वीस: व्हीलचेअर एक, वॉकर एक, लिफ्टशेजारच्या कोनाड्यासाठी. टेम्पोवाला गुरुवारी स्वतः आणून देईल. नीट उघडून, मिटून पाहावी आणि मिळाल्याची सही त्याच्याजवळ द्यावी. दादाची नव्हे. तुमची.